चिलवाक्ले, एपासोते आणि मासा: जर्मनीत बसून वाहाकाचं सामान कुठून आणू?

वाहाकाचे_जावई | २८ ऑगस्ट

मंडळी, बऱ्याच वर्षांनी धागा काढतोय, सांभाळून घ्या.

मी मूळचा कराडचा. २०१३ ते २०१९ नोकरीनिमित्त मेक्सिकोत ग्वादलाहाराला होतो, लग्नही तिकडेच झालं. बायको मेक्सिकोतल्याच वाहाका राज्यातली. (स्पेलिंग बघून ‘ओक्साका’ म्हणू नका, घरात भांडण होतं.) आता मुक्काम श्टुटगार्टजवळच्या एका लहान गावात.

मार्चमध्ये सासरे गेले. तिकडे २ नोव्हेंबरला मोठ्या माणसांच्या मृतात्म्यांचा दिवस असतो, १ तारखेला लहान मुलांचा. घरात वेदी मांडतात, झेंडूची फुलं, मेणबत्त्या, फोटो आणि गेलेल्या माणसाला आवडणारं सगळं खाणं. आपल्या पितृपक्षातलं पान डोळ्यांसमोर आणा, फक्त कावळ्याची वाट बघत नाहीत. सासऱ्यांना काळं मोले (वाळक्या मिरच्या वाटून केलेला दाट रस्सा) आणि केळीच्या पानातले तामालेस (पानात गुंडाळून वाफवलेलं मक्याचं पीठ) आवडायचे. सासूबाईंचे गुडघे गेलेत, त्या येऊ शकत नाहीत. बायको म्हणते, यंदा वेदी इथेच मांडायची.

आता अडचण. इथल्या सुपरमार्केटात मेक्सिकन म्हणून जे मिळतं ते म्हणजे गव्हाच्या तोर्तिया (त्यांच्या पोळ्या), कुरकुरीत टाको आणि गोडसर साल्सा (चटणी). त्याचा वाहाकाशी संबंध शिवभोजन थाळीचा सुशीशी असेल तेवढाच. मला हवंय ते असं: काळ्या मोलेसाठी चिलवाक्ले, मुलातो आणि पासीया या वाळक्या मिरच्या, तामालेससाठी मासा, म्हणजे चुन्यात शिजवलेल्या मक्याचं पीठ, एपासोते, ओहा सांता आणि अवोकाडो यांची पानं, हिरव्या साल्सासाठी टोमॅटियो हे हिरवं आंबट फळ. दोन महिने हातात आहेत. कुणी युरोपात राहून हे जमवलंय का? आणि पर्याय सुचवलात तर कुठे चालेल, कुठे नाही, तेही सांगा.

टेक्सासकर | २८ ऑगस्ट

आमच्या ह्यूस्टनला एचईबी सुपरमार्केटात गेलं की वाळक्या मिरच्यांच्या पिंपांची रांग असते, ताजा मासा किलोवर, काटे काढून चिरलेला निवडुंग पिशवीत. तुमचा धागा वाचून पहिल्यांदा टेक्सासबद्दल चार शब्द चांगले लिहितोय. मदत शून्य, सहानुभूती पूर्ण.

झणझणीत | २९ ऑगस्ट

एवढी धावपळ कशाला? ब्याडगी घाला, रंग आला. संकेश्वरी घाला, तिखट आलं. मिरची ती मिरची. पोर्तुगीजांनी तिकडूनच आणली आपल्याकडे. मक्याचं पीठ कुठल्याही देशी दुकानात मिळतं. एपासोतेच्या जागी कोथिंबीर.

रानमेवा | २९ ऑगस्ट

झणझणीतराव, राग मानू नका, पण चारही उत्तरं चुकली. म्हणजे साडेतीन. ब्याडगी ग्वाहीयो या मेक्सिकन मिरचीच्या जागी चालते, दोन्हींचा रंग गडद लाल, तिखटपणा बेताचा, साल पातळ. मी स्वतः घालते. पण काळ्या मोलेत लाल रंग नकोच असतो. मुलातो ही पोब्लानो मिरचीचीच एक काळपट जात वाळवलेली, तिला मनुका, चॉकलेट, थोडी तंबाखूसारखी चव असते. पासीया म्हणजे चिलाका नावाची लांब मिरची वाळवून. ब्याडगीने यातलं काही येत नाही. येईल ते मालवणी मोले.

जावईबुवा, मी नेदरलँड्समध्ये असते, घरामागे वीतभर बाग आहे. मुलातो, पासीया, आंचो, ग्वाहीयो युरोपात ऑनलाइन सहज मिळतात, मेक्सिकन माल विकणारी दुकानं बऱ्याच देशांत आहेत. लंडनचं कूल चिली कंपनी १९९३ पासून हाच उद्योग करतंय, पण ब्रेक्झिटनंतर तिकडून मागवलं की कस्टम आलं, म्हणून युरोपीय संघाच्या आतलं दुकान बघा. पाकीट आलं की मिरची वाकवून पाहा. चांगली मिरची खारकेसारखी लवचीक असते, चामड्यासारखी वळते. कडकन मोडली आणि आतून धूळ उडाली तर ती दोन वर्षं गोदामात झोपलेली आहे. परत पाठवा. बरी निघाली तर जास्तीची फ्रीजरमध्ये.

चिलवाक्लेचं मात्र अवघड आहे. वाहाकातल्या कानियादा भागात थोडीशी पिकते, तिथेही महाग. बऱ्याच घरी तिच्याऐवजी ग्वाहीयो आणि मुलातोचं प्रमाण वाढवतात. बायकोला आधी विचारा, नंतर सांगू नका.

टोमॅटियोला आता उशीर झाला. पुढच्या वर्षी मार्चमध्ये घरात बी लावा, मेच्या मध्यानंतर बाहेर. आणि किमान दोन रोपं. एकट्या रोपाला स्वतःच्या परागाने फळ धरत नाही. पहिल्या वर्षी मी एकच रोप लावून तीन महिने नुसती पिवळी फुलं आणि रिकामे कंदील बघत बसले होते. रसभरीच्याच कुळातलं फळ, पण रसभरी घालू नका, ती गोड. यंदा डब्यातले घ्या, साल्साला चालतात.

वाहाकाचे_जावई | २९ ऑगस्ट

रानमेवाताई, दंडवत. बायकोला विचारलं. चिलवाक्लेशिवाय चालेल म्हणाली, पण ‘चालेल’ ज्या सुरात म्हणाली त्यावरून चालणार नाही असं दिसतंय.

खलबत्ता | ३० ऑगस्ट

माश्याचं मी सांगतो. पुण्यात राहून गेली तीन वर्षं दर रविवारी करतोय. (मासा म्हणजे मक्याचा, हो. घरात आईसुद्धा दर वेळी ‘कुठला आणलास?’ विचारते.)

देशी दुकानातलं मक्याचं पीठ चालत नाही, याचं कारण चुना. वाळका मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर ठेवला की साल सुटते, दाणा फुगतो आणि पिठाला चिकटपणा येतो. अशा मक्याला तिकडे निश्तामाल म्हणतात. चुना नसेल तर भाकरी थापता येईल गरम पाण्यात मळून, पण तोर्तिया प्रेसमध्ये दाबली की फुटणार. इटालियन पोलेंटाचंही तेच. आणि व्हेनेझुएलाचं ‘पान’ नावाचं पांढरं पीठ दिसेल, ते आधी शिजवलेलं असतं पण चुना लावलेला नसतो. दिसायला सेम, मी फसलोय.

प्रमाण: १ किलो मका, ३ लिटर पाणी, १० ग्रॅम चुना. चुना पाण्यात विरघळवा, मका घाला, मंद उकळीवर अर्धा-पाऊण तास. दाणा नखाने खरवडला की साल सुटली पाहिजे आणि चावल्यावर मध्ये किंचित पांढरा टणक ठिपका राहिला पाहिजे. गॅस बंद, झाकण, रात्रभर तसंच. सकाळी पिवळंधमक पाणी ओतून द्या, दोन-तीन पाण्यांनी चोळून धुवा. ओल्या मातीवर पहिला पाऊस पडल्यावर येतो त्याच्या जवळचा वास येतो. तो आला की समजा जमलं.

चुना म्हणजे आपला पानाला लावतो तोच, कॅल्शियम हायड्रॉक्साइड. पण रंग-सुगंधवाला नको. कळीचा चुना तर अजिबात नको, पाणी लागलं की तो उसळतो, हात भाजतील. तुमच्याकडे खाद्य दर्जाचा, पाकिटावर ई ५२६ लिहिलेला बघा. मका पॉपकॉर्नचा नको, स्वीटकॉर्न तर नकोच. आणि बियाण्याचा मका विसरा, त्याला औषध लावलेलं असतं.

दळायला इडलीचा वेट ग्राइंडर वापरतो. पाणी जरा जास्त लागतं, मग पीठ सैल होतं, तेव्हा तयार निश्तामाल पिठाची दोन मुठी घालून सावरतो. तोर्तियासाठी पुरीचा प्रेस. दुधाची पिशवी धुऊन कापून दोन्ही बाजूंना.

अर्थात हे सगळं झेपणार नसेल तर सरळ मासेका कंपनीच्या तयार पिठाचं पाकीट घ्या. १९४९ पासून त्यांचा धंदा चाललाय, लाखो घरं त्यावर जेवतात. लाज वाटण्यासारखं काही नाही.

डॉ_पिंपळपान | ३० ऑगस्ट

अवांतर, पण राहवत नाही. चुन्याचा उपयोग फक्त पीठ चिकट करायला नाही. मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व बांधलेल्या रूपात असतं, शरीराला मिळत नाही. चुन्याने ते सुटं होतं. कोलंबसानंतर मका युरोपात आला, चुन्याची युक्ती मात्र तिकडेच राहिली. मग उत्तर इटलीत पोलेंटावरच जगणाऱ्या गरीब शेतकऱ्यांत पेलाग्रा पसरला: उन्हाला उघड्या राहणाऱ्या कातडीवर काळे खरखरीत चट्टे, जुलाब, शेवटी भ्रम. आपल्याकडे दख्खनात ज्वारीवर जगणाऱ्यांतही तो दिसायचा, हैदराबादच्या पोषण संशोधन संस्थेत डॉ. सी. गोपालन यांनी १९६० च्या सुमारास त्यावर काम केलं होतं. मेक्सिकोतल्या आजीबाईंना नायसिन माहीत नव्हतं, पण त्यांच्या चुलीवर ते रोज सुटं होत होतं.

आज्जीचा_पाटा | ३१ ऑगस्ट

खलबत्ता, वेट ग्राइंडर कसला, पाटा-वरवंटा काढा! मी २०१७ मध्ये मुलाकडे मेक्सिको सिटीत दोन महिने होते. बाजारात एक बाई गुडघ्यांवर बसून मका वाटत होती. त्यांचा पाटा तीन पायांचा आणि पुढे उतरता, वरवंटा दोन्ही हातांनी धरायचा. ‘मेताते’ म्हणतात. मी खुणेने म्हटलं, मला द्या. दोन हात मारले आणि तिसऱ्याला कंबर धरली. ती बाई एवढी हसली! मग तिने मला चॉकलेट घुसळून पाजलं, लाकडी मोलिनियोने, दोन तळव्यांमध्ये गरगर फिरवून. आपली रवी हो, दुसरं काय. राजगिऱ्याची वडीही दिली, तिला ‘आलेग्रीया’ म्हणतात. एकादशीला चालली असती.

कस्टमची_कटकट | २ सप्टेंबर

सासूबाईंकडून मागवायचा विचार असेल तर ऐका. गेल्या वर्षी मेक्सिकोहून येताना सामानात वाहाकाचं चीज, एक चोरिसो (मसालेदार सॉसेज) आणि दोन ताज्या ओहा सांताच्या जुड्या होत्या. विमानतळावर सगळं टेबलावर मांडलं गेलं आणि माझ्या डोळ्यांदेखत कचऱ्यात. चोरिसोचा वास त्या माणसाने दोनदा घेतला, एवढं नक्की.

नियम असा की संघाबाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ प्रवाशाला आणता येत नाहीत. आणि १४ डिसेंबर २०१९ पासून ताज्या वनस्पती, फळं, पेरायचं बी याला रोगमुक्तीचा दाखला लागतो. सूट फक्त पाच फळांना: अननस, नारळ, ड्युरियन, केळी, खजूर. वाळक्या मिरच्या, वाळलेली पानं, चॉकलेट यांना मला काही त्रास झाला नाही. मोलेची तयार पेस्ट आणत असाल तर घटक वाचा, डुकराची चरबी असेल तर भानगडीत पडू नका. पोस्टाने पाठवलं तर खाजगी भेट ४५ युरोपर्यंत करमुक्त. पाकिटावर ‘मिरची’ एवढंच लिहू नका. काय, किती ग्रॅम, किती किमतीचं, सगळं. माझं पाकीट नुसतं ‘मसाले’ लिहिल्यामुळे तीन आठवडे अडकलं होतं.

रानमेवा | २ सप्टेंबर

पानांबद्दल राहिलंच. एपासोते आपल्या चाकवताच्या नात्यातलं. चाकवत मवाळ, हे मात्र रॉकेलसारखा वास मारतं. घेवडा शिजवताना एक काडी घालतात, वातूळपणा जावा म्हणून, आपण हिंग-ओवा घालतो तसं. जर्मनीत वाळलेलं ‘येझुइटेनटे’ नावाने चहावाल्या दुकानात विचारा. वाळलेलं ताज्याच्या पाव हिश्शाचंही नाही, पण काहीच नसण्यापेक्षा बरं. कोथिंबीर हा त्याला पर्याय नाही, काढून टाकणं हा आहे.

ओहा सांता विड्याच्या पानाच्या कुळातलं, पण वास बडीशेपेचा. ती पानं हिरव्या आणि पिवळ्या मोलेत लागतात, काळ्याला तुम्हाला अवोकाडोची हवीत, यादीतून एक ओझं कमी करा. अवोकाडोची वाळलेली पानं मिरच्यांच्याच दुकानात मिळतील. कुणी म्हणेल घरच्या कुंडीतली घ्या. कोय लावून उगवलेल्या हास अवोकाडोच्या पानाला तो बडीशेपी वास सहसा नसतो. चुरगाळून नाकाशी धरा, वास नाही तर चव नाही.

केळीची पानं एशियन दुकानात गोठवलेली. बाकीचं मेक्सिको तुमच्या आसपासच पडलंय: तुर्की दुकानात जास्वंदी चहा म्हणून लाल अंबाडीची बोंडं, देशी दुकानात गूळ (पिलोन्सियोच्या जागी खुशाल), आफ्रिकी दुकानात भाजीची मोठी केळी, हाबानेरो मिरची आणि बहुधा पांढरा वाळका मकाही. दालचिनी मात्र सिलोनची पातळ पापुद्र्यांची घ्या, जाड साल नको.

वाहाकाचे_जावई | ५ ऑक्टोबर

प्रगती अहवाल. मुलातो, पासीया, ग्वाहीयो, अवोकाडोची पानं आली. वाकवून पाहिल्या, वळल्या. आफ्रिकी दुकानात पांढरा मका मिळाला.

पहिला निश्तामाल फसला. घाईत दीड तास उकळला. सकाळी हातात मका नाही, खळ होती. पोस्टर चिकटवता आले असते. दुसऱ्यांदा पस्तीस मिनिटांत बंद केला आणि खलबत्ता, तो वास आला! बायको झोपेतून उठून स्वयंपाकघरात आली, पातेल्यात डोकं घातलं आणि बराच वेळ काढलंच नाही.

पहिली तोर्तिया कडेने फाटली, पाण्याचा हात लावून पुन्हा मळलं. चौथी फुलक्यासारखी टम्म फुगली.

आणि सासूबाईंनी पोस्टाने दोनशे ग्रॅम चिलवाक्ले पाठवलेत, यादी ग्रॅमसकट लिहून. सध्या ते कुठेतरी कस्टममध्ये आहेत.

झणझणीत | ५ ऑक्टोबर

ब्याडगीबद्दलचं विधान मागे घेतो. चारपैकी अर्धं माझंच बरोबर होतं, हे मात्र नोंदवून ठेवा.

आज्जीचा_पाटा | ६ ऑक्टोबर

तामालेसच्या पिठाची खूण सांगते, त्या बाईनेच दाखवली होती. चरबी आधी एकटी पांढरी होईपर्यंत फेटायची, मग मका, मग कोमट रस्सा. गोळी पाण्यात टाकली की तरंगली पाहिजे. आपण दहीवड्याचं पीठ बघतो तस्संच. आणि केळीचं पान विस्तवावर फिरवून घ्या, तकाकी आली की मऊ पडतं, मग घडीला फाटत नाही. हे कोकणातल्यांना सांगायला नको.

रानमेवा | ६ ऑक्टोबर

झेंडू आत्ताच घेऊन ठेवा! पहिलं गोठवणारं दहिवर पडलं की कुंड्या काळ्या पडतात. नाहीतर दिवाळीच्या सुमारास देशी दुकानात माळा येतात का विचारा. झेंडूही मूळचा तिकडचाच, आपण दसऱ्याला दाराला बांधतो आणि आपलाच समजतो.

वाहाकाचे_जावई | ४ नोव्हेंबर

झालं. लिहायला दोन दिवस लागले, कारण घर अजून हवेशीर करतोय.

चिलवाक्ले ३० तारखेला आले. दहा युरो भरावे लागले, आनंदाने भरले. पाकीट फोडलं तर मिरच्या अगदी काळ्या, फुगीर, छोट्या ढोबळीसारख्या.

काळ्या मोलेत मिरच्यांच्या बिया वेगळ्या काढून कोळसा होईपर्यंत जाळायच्या असतात, मग पाण्यात भिजवून कडूपणा काढायचा. चवीचा काळा तळ त्याने येतो. घरच्या फोडणीच्या ठसक्याची सवय असलेला मी, म्हटलं काय होणार. खिडक्या उघडल्या, पंखा लावला, तवा तापवला. दुसऱ्या मिनिटाला धुराचा अलार्म. तिसऱ्याला वरच्या मजल्यावरच्या आजी दारात, डोळ्यांतून पाणी. मी खोकत जर्मनमध्ये समजावतोय की हा स्वयंपाक आहे. त्यांनी वेदीवरचा फोटो बघितला, काही न बोलता वर गेल्या आणि उरलेलं काम करायला मला आपल्या बाल्कनीतली बार्बेक्यूची शेगडी देऊन गेल्या. बाकी बिया मी खाली पार्किंगच्या कोपऱ्यात जाळल्या, जॅकेट घालून, चार अंशांत.

मिरच्या, तीळ, बदाम, मनुका, केळं, लवंग, दालचिनी, टोमॅटो, सगळं वेगवेगळं तळून-भाजून वाटलं, शेवटी चॉकलेट. पाच तास. रंग डांबरासारखा. तामालेस बावीस झाले, एक फुटला. वेदीवर मोलेची वाटी, दोन तामालेस, मेस्कल या दारूचा छोटा ग्लास, देशी दुकानातला झेंडू आणि सासऱ्यांचा टोपीतला फोटो. बायकोने फुलांच्या पाकळ्यांची वाट दारापासून वेदीपर्यंत घातली. त्यांना रस्ता सापडावा म्हणून. कराडहून जर्मनी आणि जर्मनीहून वाहाका, मलाही एवढा सापडत नाही.

रात्री सासूबाईंना व्हिडिओ कॉल. बायकोने मोलेचा चमचा कॅमेऱ्याजवळ धरला. त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ रंग बघितला आणि विचारलं, ‘जाळायला तोर्तिया कुठली घेतली?’

मोले घट्ट करायला एक तोर्तिया काळी करून घालतात. मक्याच्या सगळ्या तामालेसच्या नादात खपल्या होत्या, म्हणून मी गुपचूप सुपरमार्केटची गव्हाची जाळली होती. बायकोलाही सांगितलं नव्हतं. आता दोघींना माहीत आहे.

टेक्सासकर | ४ नोव्हेंबर

मोलेला रंगावरून ओळखलं! अशा सासूबाईंसमोर कस्टमवाले काय चीज आहेत.

खलबत्ता | ५ नोव्हेंबर

पुढच्या वेळी दोन मक्याच्या तोर्तिया आधीच जाळून डब्यात ठेवा. आणि आजींना तामालेस नेऊन दिलात ना?

वाहाकाचे_जावई | ५ नोव्हेंबर

चार दिले. केळीचं पानही खायचं का, असं विचारायला त्या परत खाली आल्या होत्या.

रानमेवाताई, टोमॅटियोचं बी संघाच्या आतच असल्यामुळे पोस्टाने चालेल ना? पत्ता खाजगी निरोपात पाठवतो. दोन रोपांपुरतं.

रानमेवा | ५ नोव्हेंबर

सहा बिया पाठवते. दोन जगतील.